सुगंधी तेल थेंबाने मोजा, चमच्याने नव्हे

अत्तराच्या पेटीत आलेल्या नव्या बाटलीविषयी : घेणाऱ्यासाठी आणि विकणाऱ्यासाठी

परभणीत हजरत तुराबुल हक शाह यांच्या दर्ग्याचा उरूस दरवर्षी फेब्रुवारीत भरतो. मिठाई, बांगड्या, टोप्या आणि खेळण्यांच्या दुकानांच्या रांगेत अत्तरवालेही बसतात. पूर्वी त्यांच्या पेटीत गुलाब, मोगरा, खस, हिना, मजमुआ, शमामा असा ठरलेला माल असे. आता त्याच पेटीत एक नवी बाटली दिसते. तपकिरी काच, काळे झाकण, तोंडाला थेंब पाडणारी बुची, आणि वर नाव लव्हेंडर, टी ट्री, पेपरमिंट, निलगिरी किंवा गवती चहा. हीच बाटली मेडिकलमध्ये मिळते, ब्युटी पार्लरमध्ये मिळते, आणि मोबाइलवरून मागवली तर जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेडलाही घरपोच येते. या मालाला इसेन्शियल ऑइल म्हणतात. आपण त्याला सुगंधी अर्कतेल म्हणू. या तेलांचा वास घेऊन किंवा ती अंगाला चोळून आराम मिळवण्याच्या पद्धतीला अरोमाथेरपी असे नाव आहे.

माल नवा आहे, मागणी वाढते आहे, नफाही बरा आहे. त्यामुळे आपल्यातले अनेक तरुण या धंद्याकडे वळत आहेत. हरकत काहीच नाही. पण गिऱ्हाईक ही बाटली अत्तर समजून घेते आणि अत्तरासारखी वापरते, ही काळजीची बाब आहे. कोणी कानात घालतो, कोणी चेहऱ्याला तशीच चोळतो, कोणी सर्दी झालेल्या तान्ह्या बाळाच्या नाकाला लावतो, तर कोणी मोबाइलवर पाहून पाण्यात टाकून पितो. अत्तराने सहसा कपड्यावर डाग पडतो, फार तर अंगाला खाज सुटते. अर्कतेलाच्या चुकीच्या वापराने मूल दवाखान्यात जाऊ शकते. म्हणून हा लेख.

तीन बाटल्या, तीन निराळे माल

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक हात लावून विचारते, "हे सुती आहे का?" दुकानदाराला ठाऊक असते की एक कापड शुद्ध सुती आहे, दुसऱ्यात पॉलिएस्टर मिसळले आहे आणि तिसरे नुसते सुतीसारखे दिसते. सुगंधाच्या बाजारातही असेच तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार अर्कतेल. झाडाचे पान, फूल, साल, मूळ किंवा गवत वाफेवर उकळून अथवा फळाची साल दाबून काढलेला हा कच्चा आणि अतिशय तीव्र माल. शंभर किलो ओल्या गवती चहातून साधारण अर्धा किलोच्या आतच तेल निघते. म्हणजे बाटलीतल्या चार थेंबांत गवताची एक जुडी मावलेली असते. चहाच्या कपात गवती चहाचे एक पाते टाकणे वेगळे आणि त्याचे तेल टाकणे वेगळे.

दुसरा प्रकार अत्तर. कनौजमध्ये आजही तांब्याच्या देगीत फुले आणि पाणी घालून खाली विस्तव करतात, आणि वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरवतात. भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते. फुलाचा वास त्या तेलात मुरतो. म्हणजे जुन्या पद्धतीच्या अत्तरात फुलाचा अर्क मुळातच दुसऱ्या तेलात पातळ झालेला असतो. चंदन महागल्यापासून कित्येक जण त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन किंवा डायइथाइल थॅलेट वापरतात. तो मालाच्या दर्जाचा प्रश्न झाला. पण अत्तर हा तयार माल आहे आणि अर्कतेल हा कच्चा माल आहे, हा फरक कायम राहतो.

तिसरा प्रकार म्हणजे कारखान्यात रसायने जुळवून बनवलेली सुगंध. साबण, अगरबत्ती, रूम फ्रेशनर आणि स्वस्त सेंट यांत तीच असते. वास गुलाबाचा असतो, पण बाटलीत गुलाब नसतो. हा माल वाईटच असतो असे नाही. मात्र तो अर्कतेल म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

भावावरूनही ओळख पटते. एक किलो गुलाबतेलासाठी तीन ते पाच हजार किलो फुले लागतात. ज्याला हा हिशोब माहीत आहे तो शंभर रुपयांत "प्युअर रोज ऑइल" घेणार नाही. सुती कापड पारखायला आपण धागा जाळून पाहतो, तशी इथे एक सोपी परीक्षा आहे. कोऱ्या टिपकागदावर एक थेंब टाकून तो काही तास ठेवा. निलगिरी, पेपरमिंट, लिंबू यांसारखे हलके तेल शुद्ध असेल तर उडून जाते. तेलकट कडे मागे राहिले तर खाण्याच्या किंवा खनिज तेलाची भेसळ समजावी. चंदन, खस, पचौली ही जड तेले सावकाश उडतात आणि डाग ठेवतात, म्हणून त्यांना ही परीक्षा लागू नाही. रसायनाची भेसळ कागदावर कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवालच पाहावा लागतो.

हा हुनर परका नाही

अरोमाथेरपी हा शब्द फ्रेंच आहे. रेने-मोरिस गॅटफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९३७ साली त्याच नावाचे पुस्तक काढले आणि शब्द रूढ झाला. पण तेल काढण्याची विद्या त्याहून फार जुनी आहे. नवव्या शतकात अल-किंदी यांनी अत्तराचे रसायन आणि ऊर्ध्वपातन यांवर ग्रंथ लिहिला. त्यात शंभराहून अधिक कृती आहेत.

आपल्या महाराष्ट्रातही हा कसब होता. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये रोशा गवताच्या तेलाची नोंद आहे. पिंपळनेर हे या धंद्याचे मूळ ठिकाण. पुढे नंदुरबार आणि तळोदा भागात गवत जास्त मिळते म्हणून तिथे भट्ट्या लागू लागल्या. हे काम मुसलमान कारागीर करत. ऑक्टोबरात गवत तयार झाले की ओढ्याच्या काठी भट्टी मांडायची, जमिनीत पुरलेल्या मोठ्या कढईत गवत आणि पाणी भरायचे आणि वाफ नळीने थंड भांड्यात न्यायची. तयार तेल घाट ओलांडून सुरतेकडे आणि इतर बाजारांत जाई. हे तेल आज पामारोझा नावाने विकले जाते.

त्या कारागिरांना ठाऊक असलेली एक गोष्ट आजच्या दुकानदाराने लक्षात ठेवावी. रोशा गवताच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्या, पण तेल वेगळे, वास वेगळा आणि भावही वेगळा. लव्हेंडरचे तसेच आहे. खरे लव्हेंडर सौम्य असते. आता ते जम्मूच्या डोडा जिल्ह्यात भदरवाह भागातही पिकते. त्याच्याच भाऊबंदांपैकी स्पाइक लव्हेंडरमध्ये कापराचा अंश बराच असतो. म्हणून लेबलावर झाडाचे शास्त्रीय नाव छापलेले असले पाहिजे. नुसते "लव्हेंडर" किंवा "निलगिरी" एवढेच लिहिले असेल तर बाटलीत नेमके काय आहे ते कळत नाही.

किती थेंब, कशात

नव्या माणसाने पहिला नियम पाठ करावा : अर्कतेल कातडीला कधीही तसेच लावायचे नाही. ते आधी साध्या तेलात मिसळायचे. खोबरेल, तीळ, करडई, बदाम यांपैकी कोणतेही चालते. करडई तर आपल्या मराठवाड्याचेच पीक आहे. बदाम किंवा शेंगदाण्याची ज्याला ॲलर्जी आहे त्याने ती तेले टाळावीत. पाण्यात अर्कतेल मिसळत नाही. ते वर तरंगते आणि अंगाला तसेच निर्जळ लागते. त्यामुळे आंघोळीच्या बादलीत थेंब टाकण्यात अर्थ नाही, उलट कातडी भाजल्यासारखी होऊ शकते.

हिशोब सोपा आहे. एक मिलिलिटरमध्ये साधारण २० थेंब बसतात. अत्तराची एक तोळ्याची बाटली जवळपास १२ मिलिलिटरची असते. आपण १० मिलिलिटर साधे तेल, म्हणजे २०० थेंब धरू.

चेहऱ्यासाठी किंवा नाजूक कातडीसाठी : १० मिलिलिटर तेलात १ ते २ थेंब.

पाठ, हात, पाय चोळण्यासाठी : १० मिलिलिटर तेलात ४ थेंब.

एखाद्या दुखऱ्या जागी, थोडे दिवस : १० मिलिलिटर तेलात ६ थेंब. नवख्याने याच्या वर जाऊ नये.

जास्त थेंब टाकले म्हणून गुण जास्त येत नाही. कातडी एकदा चिडली आणि शरीराने त्या तेलाशी वैर धरले की पुढे तेच तेल असलेला साबण वापरला तरी पुरळ उठते. ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते. म्हणून पहिल्या वेळी मिसळलेले तेल कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावावे आणि एक दिवस थांबावे. लाली, खाज, जळजळ काही झाले नाही तरच पुढे वापरावे. डोळे, कानाचे भोक, नाकाचे आतले अस्तर, उघडी जखम या जागी अर्कतेल नकोच. अत्तराचा फाया कानाच्या वळीत ठेवायची आपली रीत आहे. ती अत्तरापुरती ठेवावी. अर्कतेलाचा फाया ठेवू नये.

काही तेले जात्याच तिखट असतात. लवंग, दालचिनी, ओवा आणि गवती चहा त्यांत येतात. दालचिनीच्या सालीचे तेल नवख्याने अंगाला लावूच नये. लवंगेचे तेल १० मिलिलिटरमध्ये एका थेंबाहून अधिक नको. लिंबाच्या सालीतून दाबून काढलेले तेल आणि बर्गामोट यांचा धोका उन्हात होतो. अंगाला लावून ऊन घेतले की फोड येतात आणि काळे डाग महिनोनमहिने जात नाहीत. ज्याला दिवसभर हातगाडी लावून उभे राहायचे आहे किंवा शेतात काम करायचे आहे, त्याने ही तेले उघड्या अंगाला लावू नयेत.

कोणी दूर राहावे

दोन वर्षांखालील मुलाला अर्कतेल लावू नये आणि त्याच्या खोलीत डिफ्यूझर लावू नये. पेपरमिंट, निलगिरी आणि कापूर यांचे तेल लहान मुलाच्या नाका-तोंडाजवळ नेले तर श्वास अडकू शकतो. "सर्दी मोकळी होते" म्हणून आपल्या घरांत हे सर्रास केले जाते. ते बंद झाले पाहिजे.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, दम्याचा रोगी आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारा माणूस यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापर करू नये. ज्यांना फिट येतात त्यांनी निलगिरी आणि कापूर यांपासून लांबच राहावे. दक्षिण भारतातील काही रुग्णालयांतल्या मेंदूविकार तज्ज्ञांनी फिट आलेल्या ३५० प्रौढ रुग्णांची चौकशी केली. तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ३५० पैकी ५५ जणांच्या फिटचा संबंध अर्कतेलाशी दिसला, आणि तो माल मुख्यतः निलगिरी आणि कापूर असलेला होता. कोणी अंगाला चोळला होता, कोणी वास घेतला होता, कोणी पोटात घेतला होता. यात फिटचा जुना रोगी होता तसाच पहिल्यांदाच फिट आलेला माणूसही होता. डोकेदुखीसाठी बाम आणि निलगिरी रोज चोळणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

पोटात घेण्याची वस्तू नाही

आपल्या जुन्या घरांत अमृतधारा असे. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल एकत्र केले की तिघांचे पाणी होते, तीच अमृतधारा. ती वापरणारी माणसे बत्ताशावर एखादा थेंब मोजून टाकत आणि बाटली उंच फळीवर ठेवत. ती थेंबाची शिस्त त्या घरांना होती. आज बाटली स्वस्त झाली आणि शिस्त गेली. मोबाइलवर कोणीतरी सांगतो की पाण्यात पाच थेंब टाकून प्या, चरबी झडते. हे ऐकू नये. डॉक्टर किंवा हकीम समोर बसून देत नाहीत तोवर अर्कतेल पोटात जाता कामा नये.

आकडे पाहिले तर कारण कळेल. गंधपुरा, म्हणजे विंटरग्रीनचे तेल, सांधेदुखीवर चोळायला वापरतात. त्याच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, अ‍ॅस्पिरिनच्या ३२५ मिलिग्रॅमच्या २१ गोळ्यांइतका जोर असतो. लहान मुलाचा जीव जायला एवढे पुरे. निलगिरीचे तेल एक चमचा पोटात गेले तर मूल अर्ध्या तासात गुंगीत जाऊ शकते. कापूर पोटात गेला तर फिट येतात. याच कारणाने अमेरिकेत १९८२ पासून औषधी मालात ११ टक्क्यांहून जास्त कापूर घालायला मनाई आहे. लवंगेच्या तेलाने लहान मुलांचे यकृत निकामी झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. दाढदुखीसाठी घरात ठेवलेली ती छोटी बाटली मुलाच्या हाताला लागते, वास चांगला असतो, आणि मूल तोंडाला लावते.

वाफ, डिफ्यूझर आणि धूप

वास घेण्यासाठी तेल वापरायचे असेल तर हातरुमालावर एक थेंब पुरतो. विजेवर चालणारा डिफ्यूझर असेल तर १०० मिलिलिटर पाण्यात ३ ते ५ थेंब टाकावेत, अर्धा तास चालवावा, मग बंद करावा. खिडकी उघडी असावी. रात्रभर बंद खोलीत चालवला तर डोके जड होते आणि घरातल्या दमेकऱ्याला त्रास होतो. घरात मांजर किंवा पिंजऱ्यातला पक्षी असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत ठेवावे. टी ट्रीसारखी तेले मांजराला विषासारखी आहेत.

२०२०-२१ च्या कोरोनाच्या काळात घरोघर वाफ घेतली गेली. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात निलगिरी टाकून टॉवेल पांघरून बसायचे ही पद्धत मुलांच्या बाबतीत धोक्याची आहे. पातेले कलंडले की अंग भाजते आणि तीव्र वाफेने डोळे चुरचुरतात. लोबान किंवा ऊद जाळताना निखाऱ्यावर अर्कतेल ओतू नये. ते भडकते.

परभणीचा उन्हाळा आणि दुकानातला माल

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. पत्र्याच्या दुकानात आणि बंद गाडीत तो त्याहून वर जातो. निलगिरी आणि लिंबाच्या तेलाची वाफ साधारण ४५ ते ५० अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात हा माल रॉकेलइतक्याच सावधगिरीने ठेवायला हवा. गॅस, अगरबत्ती, बिडी, वेल्डिंगची ठिणगी यांपासून लांब. कापडाच्या दुकानात साठा ठेवणाऱ्याने तर थानांपासून वेगळी, लोखंडी पेटी करावी.

उष्णता, उजेड आणि हवा या तिघांनी तेल खराबही होते. लिंबू, संत्रे आणि टी ट्री लवकर बिघडतात. जुने तेल नव्यापेक्षा कातडीला जास्त चावते. म्हणून तपकिरी काचेची बाटली, घट्ट झाकण, थंड अंधारी जागा. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख चिठ्ठीवर लिहून चिकटवावी. लिंबूवर्गी तेल उघडल्यावर वर्षभरात संपवावे. अर्कतेल साध्या प्लॅस्टिकला आणि थर्माकोलला खाते. रबरी ड्रॉपर लावून ठेवला तर रबर चिकट होऊन तेलात उतरते. बाटली नेहमी उभी ठेवावी.

कपड्याच्या बाबतीत दोन शब्द. रेशीम आणि जरीवर तेल थेट टाकू नये, डाग निघत नाही. सुगंध हवा असेल तर कापसाच्या बोळ्यावर तेल टाकून, बोळा कागदात गुंडाळून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवावा. मालिश करणाऱ्यांनी आणि पार्लरवाल्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. करडई किंवा जवसाचे तेल लागलेले टॉवेल आणि चिंध्या ढीग करून कोंबून ठेवल्या तर त्या आतल्या आत तापतात आणि आपोआप पेटू शकतात. जिनिंगमध्ये ओल्या आणि तेलकट कापसाची जी काळजी घेतात तीच इथे घ्यावी. टॉवेल रोज गरम पाण्यात, सोड्याने धुवावेत आणि पसरून वाळवावेत.

विकणाऱ्याने काय पाहावे

आमच्या ओळखीच्या एका तरुणाने विचारले, "चाचा, टोप्या-रुमालांच्या शेजारी दहा-वीस बाटल्या ठेवल्या तर चालेल ना? मुंबईहून सुटा कॅन मिळतो, घरीच बाटल्या भरीन." त्याला दिलेले उत्तर सर्वांच्या उपयोगाचे आहे : "बेटा, माल ठेव. पण भरलेला, लेबल लावलेला माल ठेव. स्वतः भरायचे असेल तर आधी कागद पुरे कर."

कारण असे. सुटा माल बाटलीत भरून विकणारा २०११ च्या वजनमापे नियमांप्रमाणे पॅकर ठरतो. त्याची नोंदणी लागते. बाटलीवर पॅकरचे नाव-पत्ता, मालाचे नाव, निव्वळ माप, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन असावा लागतो. तेल मिसळून "स्किन ऑइल" किंवा "हेअर ऑइल" म्हणून विकायला बनवले तर ते सौंदर्यप्रसाधन झाले. २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार त्याच्या उत्पादनाला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो.

तिसरी गोष्ट जिभेची. "शुगर जाते, बीपी उतरते, लठ्ठपणा झडतो, लकवा सुधारतो" असे फलकावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिणे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याखाली गुन्हा आहे. चांगला वास येतो, मन शांत वाटते, मालिशला बरे, एवढे बोलावे. तेवढे खरे आहे आणि तेवढ्यावर धंदा होतो.

घाऊक व्यापाऱ्याकडून माल घेताना चार गोष्टी मागाव्यात : शास्त्रीय नाव, झाडाचा कोणता भाग, कोणत्या पद्धतीने काढले, आणि त्या बॅचचा तपासणी अहवाल. जो देत नाही त्याचा माल स्वस्त असला तरी घेऊ नये. पहिल्या खेपेत कमी धोक्याची थोडीच तेले ठेवावीत, उदाहरणार्थ खरे लव्हेंडर आणि रोशा. गंधपुरा, दालचिनी आणि कापूरतेल नवख्या गिऱ्हाइकाला देऊ नये. १० मिलिलिटरहून मोठी बाटली किरकोळीत ठेवायची गरज नाही. थेंब पाडणारी आतली बुची नसलेली बाटली तर घेऊच नये. मुलाच्या हाती बाटली लागली तरी त्या बुचीमुळे एका घोटात तेल तोंडात जात नाही.

आणि गिऱ्हाइकाला बाटलीबरोबर एक छोटी चिठ्ठी द्यावी, मराठीत आणि उर्दूत : पिऊ नका. साध्या तेलात मिसळूनच लावा. डोळ्यांपासून आणि मुलांपासून लांब ठेवा. छपाईला फारसा खर्च नाही. ज्याने चिठ्ठी दिली त्याचे गिऱ्हाईक पुढच्या उरसाला त्याचेच दुकान शोधत येते.

अपघात झालाच तर

अंगाला तीव्र तेल लागून आग होत असेल तर कपडा काढा आणि साबण-पाण्याने चांगले धुवा. डोळ्यात गेले तर चोळू नका. स्वच्छ पाण्याची धार पंधरा मिनिटे सोडा, मग डॉक्टरांकडे जा. वास जास्त झाला आणि घेरी आली तर मोकळ्या हवेत न्या.

पोटात गेले तर ओकारी काढायला लावू नका. ओकताना तेल फुफ्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो. मीठपाणी पाजू नका. मूल चांगले दिसते म्हणून वाट पाहत बसू नका. बाटली बरोबर घ्या आणि थेट सरकारी किंवा मोठ्या रुग्णालयात जा. लेबल पाहून डॉक्टरांना काय करायचे ते लगेच कळते. गाडी नसेल तर १०८ वर फोन करा. दिल्लीच्या एम्समधील विषबाधा माहिती केंद्राचा विनाशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. हे दोन्ही क्रमांक आज रात्रीच घरातल्या कपाटाच्या दारावर आणि दुकानाच्या गल्ल्याजवळ लिहून ठेवा, आणि घरातली लवंगतेलाची, निलगिरीची, कापराची बाटली मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर हलवा.